गेटावरचा विसावा

बाळकुमला माझ्या माहेरच्या घरातून खाडीवर जायचं असेल तर आता वाटेत गेट लागतं. गाव आमचं, खाडी आमची, मधलं गेट मात्र टॉवरवाल्यांचं. गेटावरचा निळ्या शर्टातला माणूस हात आडवा करतो आणि विचारतो, "किसके पास जाना है?" मी दर वेळी सांगते, खाडीकडे. त्याच्या मोबाइलमधल्या ॲपला खाडी नावाचं बिऱ्हाड काही सापडत नाही. मग विंग कोणती, मजला कोणता, फ्लॅट नंबर काय, असं सुरू होतं. थोड्या वेळानं तो कंटाळतो, मी कंटाळत नाही. ठाण्याला सरकारी कचेरीत खिडकीच्या आतल्या बाजूला बसून मी जन्मभर नोकरी केली. लोकांना ताटकळत कसं ठेवतात ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, आणि आपण ताटकळत कसं उभं राहायचं तेही त्या खिडकीनंच मला शिकवलं.

माझी आई जिवंत होती तोवर या गेटाशी माझं भांडण तोंडापुरतं होतं. ती गेली त्या दिवशी ते खरं झालं.

आमच्या आळीतून निघणारा जुना रस्ता गावदेवीच्या देवळामागून उतरत थेट खाडीच्या धक्क्याला जातो. धक्क्याच्या थोडं अलीकडे आमचं मसण. पूर्वी दोन्ही हातांना भाताची खाचरं होती आणि त्यांच्या पलीकडे खारं खाजण. आता खाचरांवर टॉवर आहेत, इतके उंच की मान मागे टाकून बघावं तर डोक्यावरचा पदर खाली येतो. रस्ता तोच आहे, फक्त त्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि कडेनं पामची झाडं लावलीत. अर्ध्या वाटेवर एक काळा सपाट दगड आहे. तो आमच्या गावाचा विसावा. माणूस गेलं की मसणात नेताना तिरडी त्या दगडावर टेकवतात, चिमूटभर तांदूळ ठेवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात. एकदा तिथून उचलली की मसण येईपर्यंत तिरडी खाली ठेवायची नाही. घरापासून मसणापर्यंत विसावा एकच.

कॉम्प्लेक्सची बाग करणाऱ्याला हे कोणी सांगितलं नसावं. त्यानं दगडाभोवती पांढरे गोटे मांडले, बाजूला एक बुटका दिवा लावला आणि समोर बाकडं ठेवलं. वाढदिवसाला मुलं त्या दगडावर उभी राहून फोटो काढतात. आईनं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती पोट धरून हसली होती. हसून झाल्यावर मात्र तिनं पदरानं दगडावरची धूळ पुसली.

आईनं हयातभर ठाण्याच्या बाजारात मासळी विकली. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती त्याच्याकडे न बघता शेजारणीशी बोलायला लागायची, आणि गिऱ्हाईक आपोआप भावावर यायचं. गेट झाल्यापासून गावातल्या दोन घरांनी आपली माणसं गाडीत घालून हायवेच्या बाजूनं, लांबून, मसणात नेली. मयताच्या दिवशी भांडण कशाला, असं सगळ्यांनी म्हटलं. दुसरी गाडी आळीतून गेली तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. मी सासरहून, मानपाड्याहून आलेले, तिच्याजवळच उभी होते. ती म्हणाली, "मना गाडीत घालून नेव नका. मी काय पार्सल हाय? जुन्या रस्त्यानं न्या, दगडावर टेकवा, मंग काय करायचा ता करा." तिनं आयुष्यात आमच्याकडे मागितलेलं मला दुसरं काही आठवत नाही.

आता त्या टायमाचं सांगायला हवं. पेपरवाले त्याला टोळीयुद्ध म्हणायचे. आमच्याकडे त्याला नाव नाही, आम्ही नुसतं 'त्या टायमाला' म्हणतो आणि सगळ्यांना कळतं. खाजणाला आणि खाचरांना अचानक किंमत आली होती. दोन बिल्डर होते, दोघांची माणसं होती, आणि दोघांनाही त्याच जमिनीवर सह्या हव्या होत्या. दिवेलागणीला दुकानं बंद व्हायची. रिक्षा स्टँडसमोर, पानाच्या टपरीपुढे, भर दुपारी एका माणसाला कापलं. त्याच्या चपला दुसऱ्या दिवसापर्यंत रस्त्यातच पडून होत्या, कारण त्या उचलणारा त्याच्या बाजूचा ठरला असता. मी तेव्हा नवीन नोकरीला लागले होते, आणि संध्याकाळी बसमधून उतरल्यावर घरी पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता.

माझ्या भावानं सही द्यायला नकार दिला. डेपोजवळ चौघांनी त्याला हॉकी स्टिकनं मारलं. पाचवा मोटरसायकलवर बसून बघत होता. तोच त्यांचा म्होरक्या, शेजारच्या गावचा, सगळे त्याला भाई म्हणायचे. इस्पितळात पोलीस आले तेव्हा भावानं जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. पोलिसानंही तेच लिहून घेतलं आणि दोघांनी एकमेकांचे आभार मानले. कोपर वाकडंच बसलं. आजही त्याचा उजवा हात सरळ होत नाही.

पुढच्याच आठवड्यात भाई आमच्या दारात आला, आईचा अंगठा घ्यायला. आई ओट्यावर विळीपुढे बसून मासळी कापत होती. ती उठली नाही, मानही वर केली नाही. म्हणाली, "थांब, येवरी कापून होव दे, मंग तुज्याकडं बगते." आणि कापतच राहिली. पाटी भरलेली होती. भाई उभा राहिला, या पायावरून त्या पायावर झाला, मग निघून गेला. जमीन पुढे गेलीच, चुलत घरांच्या सह्यांवर गेली. पण आमच्या घरात त्याला अंगठा मिळाला नाही, आणि हे तो विसरला नव्हता, हे मला नंतर कळलं.

मग एका वर्षी ते थांबलं. कोणाला शिक्षा झाली नाही. गणपतीच्या बॅनरवर दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी हात जोडून उभी दिसली, तेव्हा आम्हाला समजलं की मिटलं. मिटलं याचा मला आनंदच आहे, कापाकापी परवडली असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी ती केली त्यांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. भाईनं आधी जिम काढली. मग जिमच्या पोरांना काळे टी-शर्ट घालून लग्नांच्या हॉलवर उभं केलं. मग सिक्युरिटी एजन्सी. टॉवरमध्ये दादरहून, गिरगावातून, साताऱ्याकडून माणसं राहायला आली. फ्लॅट बघताना ती पहिला प्रश्न विचारायची, एरिया सेफ आहे ना? एरिया ज्यांनी बिघडवला त्यांनाच तो सेफ ठेवायचं कंत्राट मिळालं. आधी भीती लोकांना फुकट वाटून दिली, मग तिच्यावरचं औषध विकायला काढलं. धंदा म्हणून बघितलं तर डोकं मानायला हवं.

हे बाळकुमपुरतं राहिलं नाही. मी लग्न होऊन डोंबिवलीत मानपाड्याला गेले. नवरा तिथल्या एमआयडीसीत होता. आमच्या बिल्डिंगला वर्षानुवर्षं एक म्हातारा वॉचमन होता, तो झोपायचा हे खरं, पण चोरी कधी झाली नाही. मग मीटिंग झाली, एजन्सी लावायची ठरली, आणि दुसऱ्या आठवड्यात खालच्या माणसाच्या खांद्यावर मला भाईच्या एजन्सीचा बिल्ला दिसला. मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं की या एजन्सीच्या मालकानं माझ्या भावाचा हात मोडला आहे. सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, तुमचं दुःख समजतं, पण सर्व्हिस चांगली आहे. मतदानात विरोधात माझा एकटीचा हात वर होता. तेव्हापासून माझ्या मेंटेनन्समधला वाटा भाईला जातो, आणि दर महिन्याला तो भरताना माझं डोकं फिरतं.

गेटावरच्या पोरांशी माझं भांडण नाही, हेही सांगून टाकते. कोणी यवतमाळचा, कोणी बिहारचा, उभं राहून पायांना सूज आलेली. त्यांना जे सांगितलं तेच ते बोलतात. माझं भांडण सांगणाऱ्याशी आहे. कारण टॉवर उभे राहत होते तेव्हा हाच भाई बिल्डरच्या माणसांना घेऊन गावदेवीच्या देवळात आला होता. उंबऱ्यावर नारळ फोडून सगळ्या गावासमोर म्हणाला होता की रस्ता गावाला कायम मोकळा राहील, जित्यालाही आणि मेल्यालाही. आमच्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. देवीसमोर बोललेलं कोण मोडेल, असं त्यांना वाटलं. आधी रस्त्यावर नुसती साखळी आली. मग दांडा आला. मग मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या बायकांना वासामुळे बंदी झाली. मग कॉम्प्लेक्समध्ये कोणाची तरी सायकल चोरीला गेली, आणि त्या सायकलीपायी सगळं गाव बाहेरचं ठरलं.

आई सकाळी गेली, चहा अर्धा पिऊन. दुपारपर्यंत आळी भरली. जाणती माणसं ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत होती की गाडी बोलवावी, हायवेनं न्यावं, आज वाद नको. मी आतून ऐकत होते. आईचं अंग अजून पुरतं थंड झालं नव्हतं आणि हे तिला पार्सल करायला निघालेले. मी बाहेर आले आणि म्हटलं की गाडी बोलवायची नाही. एक जण म्हणाला, पोरी, तू सासरची, तुला काय माहीत इथला त्रास. मी काही बोलायच्या आत भाऊ बोलला. तो एरवी फार कमी बोलतो. म्हणाला, "जुन्या रस्त्यानंच." एवढंच. मग कोणी गाडीचं नाव काढलं नाही.

आमच्यात बायका आळीच्या शेवटच्या घरापर्यंत जातात आणि तिथून मागे फिरतात. त्या दिवशी मी फिरले नाही. गेटावर बोलायला कोणीतरी लागणार, आणि ते काम माझं होतं. मी पुढे गेल्यावर वहिनी आली. दगडावर ठेवायचे तांदूळ तिच्या पदराच्या गाठीत होते. तिच्यामागे आळीतल्या बाकीच्या बायका आल्या. कोणी त्यांना या म्हणालं नव्हतं.

सगळ्यात पुढे भाऊ, हातात विस्तवाचं मडकं. वाकड्या हातानं त्यानं ते छातीशी धरलं होतं. त्याच्यामागे माझा म्हातारा काका, गावातली सगळी मयतं तोच चालवतो, काय कधी करायचं ते त्यालाच माहीत. मग तिरडी. गेटाचा दांडा खाली होता. मडक्याचा धूर वर कॅमेऱ्याकडे जात होता. सुपरवायझर धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, बॉडी अंदर अलाउड नहीं है." मी म्हटलं, बॉडी नाही, माझी आई आहे, आणि आत नाही, पलीकडे जायचंय. तो फोन लावायला लागला.

भाऊ थांबला. आणि तिथेच ते घडलं. आमच्या माणसांनी आयुष्यात जेवढ्या तिरड्या वाहिल्या, त्या वाटेत एकाच ठिकाणी थांबल्या होत्या. मडकं थांबलं की विसावा आला, हे त्यांच्या खांद्यांना पाठ होतं. काकाला दिसायचंही कमी झालेलं. मडकं थांबलं आणि तो सवयीनं म्हणाला, "टेकवा." खांदेकऱ्यांनी टेकवली. गेटासमोरच्या स्पीड ब्रेकरवर, पिवळ्या पट्ट्यांवर, माझी आई टेकली.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. काकाला आपण काय केलं ते उमगलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "झाला गो विसावा. आता दगडावर नाय ठेवता येणार." आईनं मागितलेली एकच गोष्ट, आणि ती दारातच हुकली होती. मला इतका राग आला की कान गरम झाले. काकाचा नाही. या माणसांनी आमचा रस्ता असा अडवला की आमचे हात आमच्याच रीतीत चुकले, त्याचा.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन आले. बँकेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, सभ्य गृहस्थ. हात जोडून म्हणाले की आमच्या सहवेदना आहेत, पण आत लहान मुलं आहेत, आज क्लब हाऊसमध्ये कार्यक्रमही आहे, तुम्ही समजून घ्या. बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. तिरडी खाली टेकलेली त्यांनी पाहिली, वहिनीच्या पदराची गाठ पाहिली, आणि त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांच्या गावीही विसावा असणार. विसाव्याच्या जागी लोक उभे राहत नाहीत, कातरवेळी पोरांना तिथून पाठवत नाहीत, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, "ताई, इथे नका हो ठेवू. हे आमच्या घराचं दार आहे."

त्या क्षणी मला काय करायचं ते सुचलं. खरं सांगायचं तर मी या गोष्टी फारशा मानत नाही. पण ते मानत होते. मी वहिनीच्या गाठीतले तांदूळ घेतले, खाली बसले आणि दांड्याच्या बरोबर खाली, पिवळ्या पट्टीवर ठेवले. उठून म्हटलं, "ठेवून झालं. आजपासून आमच्या गावाचा विसावा इथे." आमची माणसं माझ्याकडे बघत राहिली. मग काका हळूच म्हणाला, खांदे बदला. पुढचे मागे गेले, मागचे पुढे आले.

भाई आला तेव्हा आमच्यामागे गाड्यांची रांग लागलेली. दोन काळ्या गाड्या, त्यातून टी-शर्टवाली पोरं उतरली. भाई मात्र आता म्हातारा झालाय, गुडघे गेलेत, पांढरा लिननचा शर्ट, चेअरमन त्याला साहेब म्हणतात. त्यानं भावाकडे पाहिलं. मडकं धरलेल्यानं मागे वळायचं नसतं, म्हणून भावानं त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि मला वाटतं, नाहीतरी पाहिलं नसतं. भाई मला म्हणाला, "ताई, म्हातारीला मी ओळखायचो. तिच्यासाठी उघडतो. माझ्याकडून. पण आजच्यापुरतं."

"तुझ्याकडून नको," मी म्हटलं. "देवळात बोललेलास ते बोल."

तो म्हणाला की तेव्हाची गोष्ट वेगळी होती. त्याची पोरं दोन पावलं पुढे आली आणि आमच्या बायका चार पावलं पुढे गेल्या. बाजारात गिऱ्हाईकाशी बोलायची सवय असलेल्या बायका त्या, तोंडं उघडली की टॉवरच्या खिडक्या उघडायला लागल्या. शेवटी चेअरमननाच ते सोसवेना. दाराशी प्रेत टेकलेलं, शेजारी तांदूळ ठेवलेले, आणि बाल्कन्यांतून बघणारी माणसं. भाईला न विचारता त्यांनी केबिनकडे बघून ओरडून सांगितलं, उघडा, आधी उघडा. आतल्या पोरानं बटण दाबलं आणि दांडा वर गेला. भाईच्या तोंडावर त्याचं गेट दुसऱ्याच्या हुकमानं उघडलं. हे त्यानंही पाहिलं आणि मीही.

आई जुन्या रस्त्यानं गेली. दगडापाशी कोणी थांबलं नाही, थांबता येत नव्हतं. पुरुष पुढे निघून गेले आणि मी त्या दगडावर बसले. पांढऱ्या गोट्यांत पाय टाकून बसले आणि मोठ्यानं रडले. बाकड्यावरची दोन मुलं खेळायची थांबून माझ्याकडे बघत होती. बघू दे, असं मला वाटलं. आपण कशावर उभं राहून फोटो काढतो ते कळू दे त्यांना एकदा.

बाराव्याला चेअरमन घरी आले, सोबत भाई. पेढ्यांचा पुडा आणायचा की नाही, हे न कळून फळं आणली होती. चेअरमननी मुद्द्याचं सांगितलं. लोक घाबरलेत. एक बाई पोरांना मागच्या गेटानं शाळेत नेते. फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब हे ऐकून परत गेलं. तर गावातल्या मयताला यापुढे गेट उघडेल, आधी कळवायचं फक्त, दगडाभोवतीचे गोटेही काढतो, पण विसावा परत दगडावर न्या. काकाला ते पटलं होतं, आणि त्याला पटणं साहजिक होतं, त्याची रीत त्याला परत मिळत होती. मी म्हटलं, आणि जित्यांचं काय? माझी वहिनी धक्क्यावर मासळी आणायला जाते, तिला अडवणारच ना? जित्यांना वाट द्या, विसावा उद्या हलवतो. चेअरमन भाईकडे बघायला लागले. भाई म्हणाला, "ताई, तुम्ही मेलेल्या माणसाचा धाक दाखवताय."

मी म्हटलं, "तू जित्यांचा दाखवून टॉवरपर्यंत आलास. मी अजून गेटावरच आहे."

भाऊ आतल्या खोलीत होता. तो हसल्याचा आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला.

त्यांच्या कमिटीनं ठराव केला तो मयतापुरताच. जित्यांसाठी ॲप, फ्लॅट नंबर, फोटो, सगळं होतं तसंच. वहिनी दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन गेली आणि परत पाठवली गेली. गावातही कुरबुर सुरू झाली. मिळतंय ते घ्यावं, ताणू नये, ही शिकलेली बाई सगळ्यांना अडचणीत आणणार, असं लोक माझ्या तोंडावर बोलले. काका मात्र काही बोलला नाही. वहिनी परत आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता, आणि रिकामी पाटी घेऊन ती त्याच्यासमोरूनच आत गेली होती.

पुढच्या महिन्यात आळीतला जाळी विणणारा म्हातारा गेला. रीतसर कळवलं. मी मानपाड्याहून निघून पोचले तेव्हा तिरडी बांधून झाली होती. आम्ही बायकाही मागोमाग निघालो, आता कोणी कोणाला विचारलं नाही.

गेट सताड उघडं होतं. दांडा वर, पेव्हर ब्लॉक झाडलेले, पाणी मारलेलं. वॉचमन टोप्या हातात घेऊन रांगेत उभे. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांत चेअरमन, त्यांच्याशेजारी भाई, हात जोडून. लग्नाचं वऱ्हाड यावं तशी सरबराई. मडकं घेतलेला म्हाताऱ्याचा मुलगा त्या उघड्या गेटाकडे चालत गेला. मला वाटलं, आता संपलं, आता हे दगडावर जाणार, आणि उद्या वहिनी पुन्हा परत येणार.

काका थांबला. या वेळी आपण काय करतोय ते त्याला नीट माहीत होतं. त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं, दांडा जिथे खाली येतो ती जागा पायानं चाचपली आणि म्हणाला, "टेकवा."

टेकवली.

चेअरमन पुढे आले. म्हणाले, "अहो काका, आता का? गेट उघडं आहे ना." काका त्यांच्याकडे न बघता तांदूळ ठेवत होता, म्हणून मीच उत्तर दिलं. "मेलेल्यांना उघडं आहे."

कोणाला घाई नव्हती. मागे गाड्या थांबल्या, एक-दोघांनी हॉर्न वाजवले, मग पुढे काय आहे ते दिसल्यावर बंद केले. काही जण काचा खाली करून बघू लागले. ते तिरडीकडे कमी आणि भाईकडे जास्त बघत होते. दर महिन्याला पैसे भरतो ते याच माणसाला, आणि याला एवढंही मिटवता येत नाही, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. भाईनं तसल्या नजरा आयुष्यात पहिल्यांदा झेलल्या असाव्यात. चेअरमन त्याच्याकडे वळले. या वेळी साहेब म्हणाले नाहीत. हळू म्हणाले, पण मी जवळ होते, मला ऐकू आलं. म्हणाले, "तुमच्या माणसांना आत्ता सांगा. गावातल्या कोणालाही यापुढे विचारायचं नाही. नाहीतर आम्ही दुसरी एजन्सी बघतो."

भाईनं इकडे तिकडे पाहिलं. मग वॉचमनच्या रांगेकडे तोंड करून तो काहीतरी पुटपुटला, गाववालों को जाने देना, असं काहीसं.

मी म्हटलं, "मागच्या बायकांना ऐकू आलं नाही. पुन्हा सांग, जित्यांना आणि मेल्यांना, असं सांग."

सगळे थांबून राहिले. खांदेकरी तिरडीशेजारी उभे होते आणि काकानं अजून उचला म्हटलं नव्हतं. भाईनं घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं, मी म्हटलं होतं त्याच शब्दांत. मग काकानं मान हलवली आणि आम्ही उचलली.